बरे वाटते म्हणणारा रुग्ण आणि फिजिशियन असिस्टंट

फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णसेवा करणारा प्रशिक्षित सहायक) म्हणून काम करणाऱ्या, तो अभ्यासक्रम शिकणाऱ्या आणि रुग्णाचे नातेवाईक म्हणून त्यांच्याशी संबंध आलेल्या वाचकांची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. प्रश्न छापताना संक्षिप्त केले असून विचारणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी पुण्यात फिजिशियन असिस्टंटच्या पदवी अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हृदयरोगापासून त्वचारोगापर्यंत सगळेच थोडेथोडे शिकवले जाते. पुढच्या वर्षी इंटर्नशिप सुरू होईल. वॉर्डात गेल्यावर खरोखर उपयोगी पडतील असे कोणते विषय मी आधी पक्के करावेत?

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर तुमच्या कामाच्या स्वरूपावरून ठरवावे लागेल. वरिष्ठ डॉक्टर सकाळी राउंड घेतात आणि नंतर ओपीडीत किंवा शस्त्रक्रियागृहात जातात. पुढचे कित्येक तास रुग्णाच्या सर्वांत जवळ परिचारिका आणि तुम्हीच असता. निदान बहुधा झालेले असते, औषधे लिहून दिलेली असतात. त्या तासांत रुग्ण ठरल्या वाटेने जातो आहे की वाट सोडतो आहे, हे ओळखणे तुमच्याकडे असते. म्हणून माझा सल्ला असा की, आजार लक्षणांच्या यादीने पाठ करू नका, तासांच्या आणि दिवसांच्या क्रमाने शिका. पहिल्या तासात काय दिसते, रात्रीपर्यंत काय दिसू शकते, तिसऱ्या दिवशी काय उद्भवते, हे प्रत्येक महत्त्वाच्या आजाराबद्दल सांगता आले पाहिजे. पुस्तकातल्या यादीत सगळी लक्षणे एका ओळीत शेजारी शेजारी बसलेली असतात, आणि त्यातले कोणते आधी व कोणते नंतर येते हे त्या यादीवरून कळत नाही.

त्यातही ज्या आजारांत मध्ये एक शांत टप्पा येतो, ते आजार सर्वांत आधी पक्के करा. डेंग्यूचा ताप उतरतो, मण्यार चावलेल्या माणसाला काही तास काहीच होत नाही, कीटकनाशकाची विषबाधा झालेला रुग्ण दुसऱ्या दिवशी बोलू लागतो, डोक्याला मार लागून कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्तस्राव होत असलेला तरुण मधले काही तास शुद्धीवर येऊन चहासुद्धा मागतो. या सगळ्यांमध्ये रुग्ण स्वतः ‘आता बरे वाटते’ असे म्हणतो आणि नेमके त्याच वेळी त्याच्याकडे जास्त लक्ष द्यावे लागते. खाली इतर वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे याच दृष्टीने वाचावीत.

दुसरी गोष्ट शरीराच्या मूलभूत नोंदींची. नाडी, रक्तदाब, तापमान, श्वसनाचा वेग, प्राणवायूची पातळी, शुद्धीची अवस्था आणि लघवीचे प्रमाण या नोंदींमध्ये श्वसनाच्या वेगाची उपेक्षा सर्वांत अधिक होते. अनेक रुग्णालयांतले केस पेपर पाहिले, तर वॉर्डातले सर्व रुग्ण मिनिटाला १८ किंवा २० असा एकाच लयीत श्वास घेत असल्याचे दिसते, आणि हे आकडे मोजलेले नसून भरलेले आहेत हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही. जंतुसंसर्ग रक्तात पसरू लागला, फुप्फुसात पाणी साचू लागले किंवा रक्तातले आम्ल वाढले, की रक्तदाब पडण्याच्या बराच आधी श्वासाचा वेग वाढतो. तो घड्याळ समोर धरून पूर्ण १ मिनिट मोजावा. ब्रिटनमधील रुग्णालयांत या नोंदींना गुण देऊन त्यांची बेरीज करण्याची पद्धत आहे. बेरीज ५ झाली की डॉक्टरांनी तातडीने पाहायचे आणि ७ किंवा अधिक झाली की आणीबाणी मानायची. तुमच्या रुग्णालयात ही पद्धत नसली, तरी ती शिकून घ्यायला हरकत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णात वाढलेली नाडी हीही अशीच लवकरची खूण आहे. मात्र रुग्ण आधीपासून बीटा ब्लॉकर गटातली (नाडी मंद करणारी) गोळी घेत असेल, तर ती खूण झाकली जाते, म्हणून त्याची नेहमीची औषधे विचारून लिहून ठेवणे हा तुमच्या अभ्यासाचाच भाग समजा.

प्रश्न : मी नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात फिजिशियन असिस्टंट आहे. डेंग्यूच्या दिवसांत ताप उतरला की नातेवाईक घरी सोडण्याचा आग्रह धरतात, आणि प्लेटलेट थोड्या कमी झाल्या की लगेच प्लेटलेट चढवा म्हणून मागे लागतात. त्यांना काय सांगावे? आणि मी स्वतः नेमके काय पाहावे?

उत्तर : डेंग्यूचा धोका तापाच्या दिवसांत कमी आणि ताप उतरतानाच्या २४ ते ४८ तासांत अधिक असतो. साधारणपणे आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसांच्या दरम्यान ताप खाली येतो, आणि त्याच सुमारास काही रुग्णांच्या केशवाहिन्यांतून रक्तातला द्रव भाग बाहेर झिरपू लागतो. रक्त घट्ट होते, पोटात आणि फुप्फुसांच्या आवरणात पाणी साचते, रक्ताभिसरण अपुरे पडू लागते. रक्तस्रावाने दगावणारे रुग्ण आहेत, परंतु वेळेत न ओळखलेल्या या झिरपण्याने दगावणारे अधिक आहेत. त्यामुळे ताप उतरला हे नातेवाइकांच्या दृष्टीने शेवटचे पान असले, तरी तुमच्या दृष्टीने तिथून खरी पहारेदारी सुरू होते.

पाहायचे ते असे. पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, रुग्ण मलूल किंवा उलट विनाकारण अस्वस्थ होणे, यकृत वाढणे, आणि रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट झपाट्याने उतरत असताना हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण) चढत जाणे ही धोक्याची चिन्हे आहेत. आदल्या दिवसांच्या तुलनेत हिमॅटोक्रिट २० टक्क्यांनी वाढले असेल, तर मोठ्या प्रमाणावर झिरपणे चालू आहे असे समजावे. रक्तदाबाच्या वरच्या आकड्यावर विसंबू नका. वरच्या आणि खालच्या आकड्यांतले अंतर २० किंवा त्याहून कमी झाले, उदाहरणार्थ १०० आणि ८४, तर वरचा आकडा ‘नॉर्मल’ असूनही रुग्ण शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडण्याच्या अवस्थेत, जात आहे. हातपाय गार पडले आहेत का, नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला २ सेकंदांपेक्षा अधिक वेळ लागतो का, गेल्या ६ तासांत लघवी किती झाली, हे प्रत्येक फेरीत पाहावे.

प्लेटलेटच्या आकड्याने आपल्याकडे नातेवाइकांना जितके घाबरवले आहे तितके दुसऱ्या कोणत्याही तपासणीने घाबरवले नसेल. रक्तस्राव नसताना केवळ आकडा कमी आहे म्हणून प्लेटलेट चढवल्याने सामान्यतः फायदा होत नाही. आकडा १०,००० च्या खाली गेला किंवा रक्तस्राव असला, तर डॉक्टर निर्णय घेतात. नातेवाइकांना हे दारात उभ्या उभ्या न सांगता बसवून सांगावे आणि हिमॅटोक्रिटचा आकडाही दाखवावा, म्हणजे त्यांचे लक्ष योग्य ठिकाणी वळते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि अ‍ॅस्पिरिन यांपैकी काही घरून आणलेल्या पिशवीतून रुग्ण घेत नाही ना, हेही विचारावे.

एक गोष्ट मात्र डेंग्यू उत्तम ओळखणारेसुद्धा विसरतात. झिरपणे थांबले की बाहेर गेलेला द्रव पुन्हा रक्तात परत येतो. त्या वेळी सलाईन पहिल्याच वेगाने चालू राहिले, तर फुप्फुसात पाणी साचून रुग्णाला दम लागतो. भूक लागणे, भरपूर लघवी होणे आणि हिमॅटोक्रिट उतरणे ही चिन्हे दिसताच सलाईन कमी करण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : माझ्या मुलाला बारावीनंतर वैद्यकीय प्रवेश मिळाला नाही. फिजिशियन असिस्टंटचा अभ्यासक्रम केल्यास त्याला पुढे स्वतंत्र दवाखाना काढता येईल का? परदेशात हे लोक औषधे लिहून देतात असे ऐकले. (सोलापूर)

उत्तर : स्वतंत्र दवाखाना काढता येणार नाही. भारतात हे काम नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखालीच होते. अमेरिकेत हा व्यवसाय १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी सुरू केला. नौदलात रुग्णसेवेचे काम केलेले चार जण पहिल्या वर्गात होते आणि त्यांतल्या तिघांनी १९६७ मध्ये शिक्षण पूर्ण केले. आज तिथे त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा लागते, आणि औषधे लिहिण्याचा अधिकारही मिळतो. आपल्याकडे १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या विभागाला मदत व्हावी म्हणून हे शिक्षण सुरू झाले, आणि २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात फिजिशियन असोसिएट या नावाने या व्यवसायाची नोंद झाली. दोन्ही देशांतले नाव सारखे असले, तरी अधिकार सारखे नाहीत. मुलाला रुग्णांजवळ राहण्याची आवड असेल, तर हे चांगले काम आहे. डॉक्टर होता आले नाही म्हणून मागच्या दाराने डॉक्टर होण्यासाठी तो हे शिकणार असेल, तर त्याचा आणि रुग्णांचाही त्यात तोटा आहे.

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका ग्रामीण भागातल्या रुग्णालयात काम करते. पहाटे पोटदुखी आणि उलट्यांची तक्रार घेऊन आलेल्या एका शेतमजुराला मण्यार चावल्याचे नंतर निष्पन्न झाले. अंगावर चावल्याची खूणही दिसत नव्हती. अशा रुग्णाला कसे ओळखावे?

उत्तर : तुम्ही वर्णन केलेला रुग्ण हे मण्यारदंशाचे अगदी ठरावीक चित्र आहे, आणि ते तुम्हाला ठाऊक असले, तर पुढच्या वेळी ओपीडीच्या दारातच ओळखता येईल. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते, चावा फारसा दुखत नाही, सूज येत नाही, आणि दात इतके बारीक असतात की खूण बहुधा सापडत नाही. माणूस झोपेतच राहतो किंवा डास चावला असे समजून कूस बदलतो. पहाटे पोटात दुखते, घसा दुखतो, उलटी होते, आणि नंतर पापण्या जड होतात. पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेला, रात्री धडधाकट असलेला माणूस पहाटे पोटदुखी घेऊन आला आणि त्याच्या पापण्या खाली येत असतील, तर त्याला आम्लपित्ताचे इंजेक्शन देऊन परत पाठवू नये.

तपासण्याची पद्धत साधी आहे. रुग्णाला १ मिनिटभर वर पाहायला सांगा. पापण्या हळूहळू खाली येतात का ते पाहा. दोन-दोन दिसते का, गिळताना त्रास होतो का, आवाज नाकात जातो का, मान उशीवरून उचलता येते का, हे क्रमाने विचारा. एक दीर्घ श्वास घेऊन १, २, ३ असे मोजायला सांगा. आधी ३० पर्यंत मोजणारा रुग्ण तासाभराने १५ वर थांबू लागला, तर श्वासाचे स्नायू दुबळे होत आहेत. बोटाला लावलेल्या यंत्रावर प्राणवायूची पातळी तोवर ९८ दाखवत असते, कारण ती फार उशिरा पडते. त्या आकड्यावर विसंबून राहिल्यास श्वासनलिकेत नळी घालण्याची वेळ निघून जाते.

काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत २० मिनिटे रक्त गोठते का ते पाहण्याची तपासणी घोणस आणि फुरसे यांच्या दंशात उपयोगी पडते. मण्यार आणि नाग यांच्या दंशात रक्त व्यवस्थित गोठते, म्हणून ही तपासणी नॉर्मल आली तरी सर्पदंश नाही असे म्हणता येत नाही. हे वाक्य तुमच्या आपत्कालीन कक्षात मोठ्या अक्षरांत लावण्यासारखे आहे. संशय असलेल्या प्रत्येकाला किमान २४ तास ठेवून घ्यावे. लक्षणे नसताना प्रतिविष देण्याचे कारण नाही, पण ती दिसली की डॉक्टरांच्या सूचनेनुसार सुरुवातीला १० कुप्या सुमारे तासाभरात दिल्या जातात. लहान मुलालाही तितक्याच, कारण सापाने मुलाला कमी विष टोचलेले नसते. आधी त्वचेवर चाचणी करण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. तिने प्रतिक्रियेचा अंदाज येत नाही आणि वेळ जातो. त्याऐवजी अ‍ॅड्रिनॅलिन भरलेली सिरिंज हाताशी ठेवावी.

मण्यारच्या विषाने नसांची टोके जिथे स्नायूंना संदेश देतात तिथेच इजा होते, त्यामुळे प्रतिविष दिल्यावरही पक्षाघात लगेच ओसरत नाही आणि रुग्णाला काही दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावे लागू शकते. या काळात डोळे उघडत नाहीत, हातपाय हलत नाहीत, बाहुल्यासुद्धा प्रकाशाला प्रतिसाद देईनाशा होतात, आणि अननुभवी माणसाला मेंदू मृत झाल्यासारखे वाटते. रुग्ण मात्र पूर्ण शुद्धीवर असू शकतो आणि बिछान्यापाशी चाललेले सगळे बोलणे ऐकत असतो. त्याच्याशी बोलत राहा, त्याला काय चालले आहे ते सांगा, आणि नातेवाइकांना आशा सोडू देऊ नका.

प्रश्न : कोकणात विंचू चावणे फार आहे. विंचूदंशाचा प्रत्येक रुग्ण आम्ही दाखल करून घ्यावा का? (रत्नागिरी)

उत्तर : निरीक्षणासाठी काही तास ठेवणे सर्वांसाठीच योग्य, मात्र लक्ष कोणाकडे अधिक द्यायचे ते दुखण्याच्या तीव्रतेवरून ठरवू नका. वेदनेने किंचाळणारा, पण अंग कोरडे आणि हातपाय गरम असलेला रुग्ण बहुधा धोक्याबाहेर असतो आणि त्याला वेदनाशामक किंवा जागेवर भूल पुरते. उलट ज्याला फारसे दुखत नाही, पण दरदरून घाम फुटला आहे, उलट्या होत आहेत, लाळ गळते आहे, हातपाय बर्फासारखे गार आहेत, मुलगा किंवा पुरुष असल्यास लिंगाला ताठरपणा आला आहे, त्याच्या शरीरात विष पसरले आहे. लाल विंचवाच्या विषाने अ‍ॅड्रिनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात लोटली जातात, आधी रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो, आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरून रुग्ण गुलाबी फेस खोकू लागतो.

या आजाराचे उपचार जगाला शिकवण्याचे काम रायगड जिल्ह्यातल्या महाडमध्ये बसून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केले, हे वाचकांपैकी अनेकांना माहीत असेल. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध विंचवाच्या विषाचा हृदयावरचा परिणाम उलटवते, हे त्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले, आणि प्राझोसिनला विंचूप्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण लवकर सावरतो हे त्यांचे संशोधन २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्राझोसिनची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३० मायक्रोग्रॅम अशी धरली जाते आणि हातपाय गरम व कोरडे होईपर्यंत दर ३ तासांनी ती पुन्हा देतात. पहिल्या मात्रेनंतर रुग्णाला उठून बसू किंवा चालू देऊ नये, कारण रक्तदाब एकाएकी पडू शकतो. लहान मुलाला कडेवर उभे उचलणेही टाळावे. घाम आणि उलट्यांनी शरीरातले पाणी गेलेले असते, ते तोंडाने भरून द्यावे. स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीचे इंजेक्शन ही जोडी अजूनही सवयीने दिली जाते. त्याने विष थांबत नाही, केवळ काहीतरी केल्याचे समाधान मिळते.

प्रश्न : माझ्या यजमानांना (वय ५८, मधुमेह) जेवणानंतर छातीत जळजळ आणि घाम आला. रुग्णालयात ईसीजी नॉर्मल निघाला. तरी तिथल्या फिजिशियन असिस्टंटने त्यांना थांबवून घेतले आणि तासाभरात आणखी दोनदा ईसीजी काढला. हा बिल वाढवण्याचा प्रकार नव्हे का? (ठाणे)

उत्तर : आपल्या शंकेमागचा अनुभव समजू शकतो, पण या प्रसंगी त्या व्यक्तीने जे केले ते अगदी योग्य होते. ईसीजी हे त्या क्षणाचे चित्र असते. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी बनत असताना ती कधी पूर्ण अडते, कधी थोडी मोकळी होते, आणि त्यामुळे पहिला ईसीजी नॉर्मल असूनही अर्ध्या तासाने काढलेल्या दुसऱ्यात झटका स्पष्ट दिसू शकतो. छातीत त्रास होत असलेल्या रुग्णाचा पहिला ईसीजी तो आल्यापासून १० मिनिटांत काढावा आणि त्रास चालू असेल, तर पहिल्या तासात दर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढावा, अशीच शिकवण आहे. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूतले प्रथिन) ही रक्ततपासणीही काही तासांच्या अंतराने दोनदा करतात, कारण स्नायूला इजा झाल्यावर ते रक्तात यायला वेळ लागतो.

त्यातच आपल्या यजमानांना मधुमेह आहे. मधुमेहाने नसा बधिर झाल्या असतील, तर हृदयविकाराच्या झटक्यात छातीत कळ येईलच असे नाही. कधी नुसता घाम, दम, जबड्यात ओढ किंवा पोटाच्या वरच्या भागात जळजळ एवढेच होते, आणि घरात सगळे त्याला गॅस म्हणतात. स्त्रियांमध्ये आणि वृद्धांमध्येही असे घडते. घाम फुटलेला ‘गॅस’ हा गॅस नसतो असे समजून चालावे. फिजिशियन असिस्टंट वाचकांसाठी एवढेच जोडतो की, हृदयाच्या मागच्या भिंतीचा झटका ईसीजीच्या नेहमीच्या १२ लीडमध्ये (वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेल्या नोंदींमध्ये) सरळ दिसत नाही. समोरच्या लीडमध्ये एसटी हा आलेखाचा भाग खाली गेलेला दिसला, तर पाठीवर लीड लावून पाहायला विसरू नये.

प्रश्न : विषप्राशनाचे रुग्ण आमच्याकडे नेहमी येतात. दुसऱ्या दिवशी रुग्ण बोलू लागला की आयसीयूमधून वॉर्डात हलवतात. हे कितपत सुरक्षित आहे? (यवतमाळ)

उत्तर : तुमच्या जिल्ह्याला हा विषय नवा नाही, २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा श्वासातून आणि त्वचेतूनही विष जाते हे साऱ्या राज्याने पाहिले. म्हणून आधी कपडे उतरवून अंग साबणाने धुणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि ते करताना स्वतः हातमोजे घालावेत.

ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाने लाळ, घाम, उलट्या, बारीक बाहुल्या आणि छातीत घरघर होते. अ‍ॅट्रोपिन या उताऱ्याची मात्रा दर ५ मिनिटांनी दुप्पट करत नेतात, आणि ती पुरेशी झाली हे छाती स्वच्छ ऐकू येण्यावरून, नाडी ८० च्या वर जाण्यावरून आणि वरचा रक्तदाब ८० च्या वर राहण्यावरून ठरवतात. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणजे काम झाले असे समजणे चुकीचे आहे. पुढे रुग्ण तापाने फणफणला, बडबडू लागला आणि पोटातली आतड्यांची हालचाल ऐकू येईनाशी झाली, तर अ‍ॅट्रोपिन जास्त होत आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. २४ ते ९६ तासांच्या दरम्यान, म्हणजे लाळ आणि घरघर थांबून रुग्ण बोलू लागल्यानंतर, काहींच्या मानेचे, खांद्यांचे आणि श्वासाचे स्नायू एकाएकी दुबळे होतात. यावर अ‍ॅट्रोपिनचा उपयोग होत नाही; श्वास यंत्राने चालवावा लागतो. सुरुवात मानेपासून होते. म्हणून प्रत्येक फेरीत रुग्णाला उशीवरून डोके उचलून धरायला सांगा. काल उचलणाऱ्याला आज उचलता येत नसेल, तर त्याला वॉर्डात हलवू नये, आणि हलवला असेल, तर परत आणावे. चार दिवस होईपर्यंत वॉर्डातही ही तपासणी थांबवू नये.

पिवळा फॉस्फरस असलेली उंदीर मारण्याची पेस्ट याहून फसवी आहे. पहिल्या दिवशी मळमळ आणि उलट्या होतात, पुढचे एक-दोन दिवस रुग्णाला काहीही होत नाही, तो जेवतो, हसतो, सुट्टी मागतो. आणि तिसऱ्या दिवसाच्या सुमारास यकृत निकामी होऊ लागते. यावर खास उतारा नाही. यकृताच्या तपासण्या आणि रक्त गोठण्याची वेळ रोज पाहावी, आणि आकडे चढू लागताच यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या केंद्राशी बोलणे सुरू करावे, कावीळ डोळ्यांत दिसेपर्यंत वाट पाहू नये. पॅरासिटामॉलच्या गोळ्या मोठ्या संख्येने घेतलेल्या रुग्णातही असाच शांत दिवस येतो, फरक इतकाच की तिथे एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा चांगला उतारा आहे आणि तो पहिल्या ८ तासांत दिल्यास यकृत बहुधा वाचते. दोन्ही प्रकारांत रुग्णाने काय घेतले ते बाटली, ट्यूब किंवा पाकीट पाहूनच लिहावे. ‘काहीतरी औषध घेतले’ अशी नोंद केस पेपरवर नसावी.

प्रश्न : रात्री दोन वाजता ७२ वर्षांच्या आजोबांना बेशुद्धावस्थेत आणले. साखर ४८ होती. डेक्स्ट्रोज (शिरेतून साखर) दिल्यावर ते उठून बसले आणि घरी जायचे म्हणू लागले. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी चालू होती. सरांना उठवावे की सकाळपर्यंत थांबावे, हे मला कळेना. असे प्रसंग वारंवार येतात. (नागपूर)

उत्तर : सरांना उठवावे, आणि आजोबांना घरी जाऊ देऊ नये. ग्लिमेपिराइड आणि ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांचा परिणाम अनेक तास टिकतो, मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहूनही लांबतो, आणि शिरेतून दिलेली साखर तासाभरात संपते. उठून बसलेला रुग्ण पहाटे पुन्हा बेशुद्ध होतो. त्या वेळी तो घरी असला, तर सगळे झोपलेले असतात. किमान २४ तास ठेवून घेऊन सुरुवातीला दर तासाला साखर तपासावी, तोंडाने खायला द्यावे आणि डेक्स्ट्रोजचे सलाईन चालू ठेवावे. साखर का उतरली याचाही शोध घ्यावा : आजोबा जेवले नव्हते का, क्रिॲटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढले आहे का, कोणी नवे अँटिबायोटिक सुरू केले आहे का. काही अँटिबायोटिकांबरोबर या गोळ्यांनी साखर अधिक उतरते.

फोनवर काय बोलावे हेही अनेकांनी विचारले आहे. झोपेतून उठलेल्या माणसाला गोष्ट सुरुवातीपासून सांगू नये. ‘सर, ७२ वर्षांचे आजोबा, साखर ४८ असताना बेशुद्ध आले, डेक्स्ट्रोजने शुद्धीवर आले, आता १४०, ग्लिमेपिराइड चालू आहे, क्रिॲटिनिन पाठवले आहे, दाखल करून दर तासाला साखर पाहावी असे मला वाटते, आपली परवानगी हवी आहे,’ एवढे अर्ध्या मिनिटात सांगून होते, आणि त्यात परिस्थिती, पार्श्वभूमी, तुमचे मत आणि तुमची मागणी चारही येतात. सर चिडले तरी फोन केल्याची वेळ आणि मिळालेली सूचना केस पेपरवर लिहावी. फोन लागला नाही, तर रुग्णालयाच्या यादीतल्या पुढच्या डॉक्टरांना करावा, आणि अशी यादी तुमच्या रुग्णालयात नसेल, तर ती व्यवस्थापनाकडून लेखी मागून घ्यावी.